प्रवेश मिळाला, पण राहायचं कुठं?



जून महिना आला की आपल्या गावागावात एकच बोलणं सुरू होतं. कुणाच्या मुलीला तालुक्याच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो, कुणाच्या मुलीला जिल्ह्याच्या. पेढे वाटून होतात. मग रात्री जेवणं आटोपली की घरात खरा प्रश्न निघतो, पोरीनं राहायचं कुठं? फीची सोय होते, पुस्तकं कुणाची तरी जुनी मिळतात. पण राहायची जागा मिळाली नाही तर मिळालेला प्रवेश कागदावरच राहतो. अशा किती मुली बारावीनंतर घरी बसल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हा प्रश्न फक्त आपला नाही आणि आजचाही नाही. आज मी तुम्हाला याच प्रश्नाची अमेरिकेतली गोष्ट सांगणार आहे. तिथल्या कॉलेजांत मुलामुलींनी एकत्र येऊन स्वतःची घरं उभी केली. त्या घरांना ‘फ्रॅटर्निटी हाउस’ म्हणतात. ही घरं कशी उभी राहिली, त्यांत कुणाला जागा मिळाली, कुणाला दारातून परत पाठवलं, आणि परत पाठवलेल्यांनी काय केलं, ते आज पाहू.

आधी शब्दाचा अर्थ. फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुता. हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शाळेत मुलं संविधानाची उद्देशिका म्हणतात, त्यात स्वातंत्र्य, समता यांच्यानंतर बंधुता येते. इंग्रजी उद्देशिकेत तिथं फ्रॅटर्निटी हाच शब्द आहे. लॅटिन भाषेत भावाला ‘फ्रातेर’ म्हणतात, संस्कृतात ‘भ्रातृ’. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. नाव इतकं मोठं आहे. आता त्या नावाखाली काय काय झालं ते ऐका.

गुप्त मंडळापासून घरापर्यंत

अमेरिका इंग्रजांपासून स्वतंत्र होत होती ते वर्ष १७७६. त्या वर्षी डिसेंबरात व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी एक गुप्त मंडळ काढलं. वादविवाद करायचे, निबंध वाचायचे, मैत्री जपायची, असा त्यांचा उद्देश. मंडळाचं नाव त्यांनी ग्रीक अक्षरांत ठेवलं, फाय बीटा कप्पा. कोरोनाच्या काळात डेल्टा, ओमिक्रॉन ही नावं आपण ऐकली, ती याच ग्रीक लिपीतली अक्षरं. पुढं १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कप्पा अल्फा नावाचं मंडळ निघालं. त्याच्या पाठोपाठ तिथंच आणखी दोन निघाली, आणि मग कॉलेजाकॉलेजांत अशा मंडळांचं पेवच फुटलं.

सुरुवातीला या मंडळांना घर नव्हतं. दुकानावरच्या माडीवर एखादी खोली भाड्यानं घ्यायची आणि तिथं बैठक भरवायची. मिशिगन विद्यापीठाजवळ काही मुलांनी १८४६ च्या सुमारास लाकडी ओंडक्यांची एक छोटी झोपडी बांधली. अमेरिकेतलं पहिलं फ्रॅटर्निटी हाउस म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण तीही बैठकीपुरतीच. राहायला नाही.

मग ही मंडळं राहायची घरं कशी झाली? कारण तेच, जागा नव्हती. त्या काळी नव्या विद्यापीठांचे काही प्रमुख वसतिगृहाच्या विरोधात होते. मिशिगनचे अध्यक्ष हेन्री टॅपन यांचं म्हणणं असं, की विद्यापीठानं पैसा ग्रंथालयावर आणि शिकवण्यावर घालावा, मुलांनी गावात खोली घेऊन राहावं. १८५० नंतरच्या काळात त्यांनी विद्यापीठातल्या राहायच्या खोल्यांचे वर्ग करून टाकले. मुलं गावातल्या घरांत पैसे भरून राहू-जेवू लागली. जेवण कसंही, भाडं वाढतं, आणि घरमालकीण सांगेल ते ऐकायचं.

तेव्हा मुलांच्या डोक्यात आलं, वेगवेगळं भाडं भरण्यापेक्षा आपल्या मंडळाचंच घर का नसावं? १८७० नंतर अशी घरं भाड्यानं घेतली जाऊ लागली, मग बांधलीही जाऊ लागली. विसावं शतक उजाडलं तेव्हा मोठ्या विद्यापीठांच्या गावात अशा घरांच्या रांगा उभ्या होत्या. दारावर ग्रीक अक्षरं, आत वीस-तीस मुलं.

घराचा कारभार

हा कारभार तुम्हाला चटकन समजेल, कारण आपल्या बचत गटाशी तो बराच जुळतो. प्रत्येक सभासद ठरलेली वर्गणी भरायचा. घरात राहणारा त्यावर खोलीचं भाडं आणि जेवणाचा खर्च द्यायचा. एक जण खजिनदार, एक जण भांडारी, म्हणजे किराणा आणि स्वयंपाकघर पाहणारा. स्वयंपाकाला बाई किंवा माणूस पगारी. आठवड्याला बैठक, ठराव, इतिवृत्त, सगळं रीतसर.

पण घर बांधायचं तर मोठी रक्कम लागते, आणि विद्यार्थी चार वर्षांत निघून जातो. त्याला कर्ज कोण देणार? म्हणून शिकून नोकरी-धंद्याला लागलेले जुने सभासद एकत्र येऊन संस्था नोंदवायचे. जमीन त्या संस्थेच्या नावावर, कर्जही तिच्याच नावावर. विद्यार्थी बदलत राहायचे, भाडं येत राहायचं, हप्ते फिटत राहायचे. कल्पना साधी पण पक्की होती. आधीच्या पिढीनं पुढच्या पिढीसाठी छप्पर धरून ठेवायचं.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं. आता दाराकडं पाहू.

या घरात कुणीही उठून राहायला जाऊ शकत नव्हतं. सभासदांनी बोलवायला हवं. नवीन मुलं आली की घराघरांत त्यांना चहा-जेवणाला बोलवत, निरखून पाहत. बाप काय करतो, कपडे कसे, बोलणं कसं. मग मतदान. अनेक मंडळांत एका पेटीत पांढरी किंवा काळी गोटी टाकायची पद्धत होती. पेटी उघडल्यावर एक जरी काळी गोटी निघाली, तरी तो मुलगा बाद. कारण सांगायची गरज नाही. एका माणसाच्या मनातली अढी आणि दार बंद.

मुलींचं काय झालं?

अमेरिकेतली बरीच कॉलेजं सुरुवातीला फक्त मुलांची होती. १८७० च्या आसपास एकेक विद्यापीठ मुलींना घेऊ लागलं. पण प्रवेश देणं वेगळं आणि जागा देणं वेगळं.

न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे. तिथं टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ. १८७० साली जेनी स्पेन्सर नावाच्या मुलीनं सरकारी शिष्यवृत्ती मिळवली आणि ती कॉर्नेलला शिकायला आली. प्रवेश मिळाला, पण विद्यापीठात मुलींना राहायला जागा नव्हती. ती खाली गावात राहिली. वर्गासाठी दिवसातून अनेकदा ती उभी टेकडी चढायची आणि उतरायची. थंडी पडू लागली, बर्फाचे दिवस तोंडावर आले, आणि जेनीनं शिक्षण सोडलं. हुशारी होती, शिष्यवृत्ती होती. वर राहायला एक खोली मिळाली असती तर ती टिकली असती.

तिच्या जाण्यानं एक गोष्ट सगळ्यांना दिसली. हेन्री सेज नावाच्या लाकडाच्या मोठ्या व्यापाऱ्यानं अडीच लाख डॉलर दिले आणि त्यातून मुलींसाठी इमारत उभी राहिली. अट एकच, मुलींना मुलांइतकंच पूर्ण शिक्षण मिळालं पाहिजे. १८७५ साली सेज कॉलेज नावाचं हे वसतिगृह सुरू झालं. म्हणजे जेनी गेली, पण तिच्या मागून येणाऱ्यांना छप्पर मिळालं.

सगळीकडं असा दाता कुठून येणार? मुलींनी मग स्वतःची मंडळं काढली. इलिनॉय राज्यात मॉनमथ नावाचं छोटं कॉलेज आहे. १८६७ च्या एप्रिलमध्ये तिथं बारा मुली एकत्र जमल्या. कुठं जमल्या? त्यांच्यातल्या दोघींनी एका घरात वरच्या मजल्यावर खोली भाड्यानं घेतली होती, तिथं. त्या खोलीत निघालेलं मंडळ पुढं पाय बीटा फाय नावानं देशभर पसरलं. तीन वर्षांनी, १८७० च्या जानेवारीत, इंडियाना राज्यातल्या ग्रीनकॅसल गावात चार मुलींनी कप्पा अल्फा थीटा हे मंडळ काढलं. त्यातली बेटी लॉक हिची गोष्ट सांगतात. मुलांच्या मंडळानं तिला म्हटलं, आमचा बिल्ला तू लाव, पण सभासद मात्र तुला करणार नाही. तिनं नकार दिला. शोभेला बिल्ला लावण्यापेक्षा तिनं आपलं मंडळ काढलं.

मुलींच्या अशा मंडळाला पुढं ‘सोरॉरिटी’ हा शब्द आला. लॅटिनमध्ये बहिणीला ‘सोरोर’ म्हणतात, संस्कृतात ‘स्वसृ’. म्हणजे हे भगिनी मंडळच की!

सिरॅक्यूज विद्यापीठात दहा मुलींनी १८७२ साली अल्फा फाय हे मंडळ काढलं होतं. १८८६ साली त्यांनी स्वतःचं घर बांधलं. मुलींच्या मंडळानं स्वतःसाठी बांधलेलं हे पहिलं घर मानलं जातं. त्या काळी अमेरिकेत बायकांना देशाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क नव्हता, हे ध्यानात घ्या. मत नाही, पण पोरींनी घर उभं केलं.

मुलींच्या घरांत एक वयस्क बाई राहायची. तिला ‘हाउस मदर’ म्हणायचे. रात्री ठरल्या वेळी दार बंद, कुणी भेटायला आलं तर बैठकीच्या खोलीतच. मुलांच्या घरांना असं वेळेचं बंधन नव्हतं. हा दुजाभाव १९६०-७० पर्यंत चालला. आपल्याकडच्या मुलींच्या वसतिगृहांचे नियम आठवा, आणि मुलांच्या वसतिगृहांचेही.

आपली आनंदी तिथं कुठं राहिली?

याच काळात आपल्या महाराष्ट्राची एक मुलगी अमेरिकेत शिकत होती. आनंदीबाई जोशी. १८८३ साली, अठराव्या वर्षी, ती समुद्र ओलांडून गेली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी तिला आधी आपल्या घरी ठेवून घेतलं. या दोघींची ओळख फक्त पत्रांतून झालेली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायची. पुढं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात ती गेली, तेव्हा तिथली थंडी आणि अन्न तिला मानवेना. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी तिला आपल्या घरी राहायला नेलं. १८८६ साली ती डॉक्टर झाली. तिच्या जिद्दीच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. त्या जिद्दीला दोन बायकांनी आपल्या घराचं दार उघडून आधार दिला, हेही सांगायला हवं.

ज्यांना कुठलंच दार उघडं नव्हतं

आता परत कॉर्नेलला जाऊ. साल १९०५-०६. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं संपून चाळीस वर्षं झाली होती. कृष्णवर्णीय मुलांना कॉर्नेलमध्ये प्रवेश मिळत होता. पण गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटी घरांत त्यांना जागा नव्हती. ते गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडं राहायचे. त्यांच्यातले काही जण शिकण्यासाठी पैसे मिळावेत म्हणून त्याच फ्रॅटर्निटी घरांत वाढप्याचं काम करायचे. म्हणजे ज्या पंगतीत बसायला मनाई, तिथं ताटं वाढायची.

आदल्या वर्षीची सहा कृष्णवर्णीय मुलं विद्यापीठात परत आलीच नव्हती. एकटं पडलेलं पोर टिकत नाही. हे पाहून उरलेली मुलं एकत्र अभ्यास करू लागली, एकमेकांना धीर देऊ लागली. ४ डिसेंबर १९०६ रोजी त्यांच्यातल्या सात जणांनी अल्फा फाय अल्फा या मंडळाची स्थापना केली. इंडियाना विद्यापीठात तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वसतिगृहात राहायलाच बंदी होती. तिथं १९११ साली असंच दुसरं मंडळ निघालं. गोऱ्यांच्या मंडळांत ज्यू मुलांनाही घेत नसत, त्यांनी आपली मंडळं काढली.

मुली मागं नव्हत्या. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी १९०८ साली अल्फा कप्पा अल्फा आणि १९१३ साली डेल्टा सिग्मा थीटा ही मंडळं काढली. डेल्टाच्या बावीस मुलींनी मंडळ काढल्यावर दोनच महिन्यांत बायकांच्या मतदान हक्काच्या मोर्चात भाग घेतला.

मुलींच्या बाबतीत एक कडू गोष्टही सांगते. जेनी स्पेन्सरच्या मागून जे सेज कॉलेज उभं राहिलं, तिथं १९११ साली दोन कृष्णवर्णीय मुलींच्या राहण्याचा प्रश्न आला. तेव्हा दोनशेहून जास्त गोऱ्या मुलींनी सह्या करून विरोध केला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी उत्तर दिलं, की विद्यापीठाची दारं सगळ्यांना उघडीच राहतील. पण त्या दोनशे सह्या आपण विसरू नयेत. चाळीस वर्षांपूर्वी बायकांना इथं दार बंद होतं. आत आलेल्या मुलींनीच आता दुसरीला अडवायला हात वर केला.

आयोवाच्या बायांनी घर घेतलं

आता आजच्या भागातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ती आपल्यासारख्याच बायांची आहे.

आयोवा हे शेतीचं राज्य. मका, डुकरं, गुरं, आणि लांब लांब गावं. तिथलं सरकारी विद्यापीठ सुरुवातीपासून, म्हणजे १८५५ पासून, मुलगे आणि मुली दोघांना शिकवत होतं. कृष्णवर्णीय मुलींनाही प्रवेश होता. पण वसतिगृहात त्यांना जागा देत नसत. मग मुली कुणाच्या घरी खोली मिळते का पाहायच्या, किंवा कुणाच्या घरचं काम करून त्या बदल्यात राहायच्या. सकाळी भांडी, दुपारी वर्ग, संध्याकाळी परत काम. अभ्यास कधी करणार?

आयोवातल्या कृष्णवर्णीय बायकांची गावोगावी मंडळं होती. १९०२ साली त्या सगळ्या मंडळांचा एक राज्य महासंघ झाला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर गट, गटांचा ग्रामसंघ, आणि वर महासंघ. देशभरातल्या अशा मंडळांचं एक ब्रीद होतं, आपण वर चढताना दुसरीलाही वर घ्यायचं.

या बायांनी मुलींची अडचण पाहिली. त्या विद्यापीठाच्या दारात नुसत्या अर्ज घेऊन बसल्या नाहीत. त्यांनी पैसा उभा केला आणि १९१९ साली विद्यापीठाच्या गावात, आयोवा सिटीत, आयोवा अव्हेन्यू रस्त्यावर एक घर विकत घेतलं. त्याला नाव पडलं फेडरेशन होम, म्हणजे महासंघाचं घर. वसतिगृहानं नाकारलेल्या कृष्णवर्णीय मुली तिथं राहून शिकल्या.

या बाया श्रीमंत नव्हत्या. आयोवात कृष्णवर्णीय लोक मुळात थोडे, आणि पैसेवाले त्याहून थोडे. त्यातल्या कित्येकींनी स्वतः कधी विद्यापीठाचं तोंड पाहिलं नव्हतं. कितीजणींच्या पोटची मुलगी त्या घरात राहणार होती? फार थोड्यांची. तरीही वर्गणी गोळा झाली. कुठल्या तरी गावची कुणाची तरी लेक शिकेल, म्हणून.

पुढं काय झालं? १९४६ साली पाच कृष्णवर्णीय मुली विद्यापीठाच्या करियर हॉल या मुलींच्या वसतिगृहात राहायला गेल्या. ते दार उघडायला इतकी वर्षं लागली. तोवर सत्तावीस वर्षं त्या बायांच्या घरानं मुलींना सांभाळलं. हक्काची मागणी चालू असताना मुलींची वर्षं वाया जाऊ दिली नाहीत, ही त्या बायांची शहाणीव.

बाबासाहेबांना मिळालेली खोली, न मिळालेली खोली

या गोष्टीत आपला आणखी एक माणूस आहे. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आधी ते हार्टली हॉल या वसतिगृहात थोडे दिवस राहिले. तिथलं जेवण मानवेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. वेगवेगळ्या देशांचे विद्यार्थी एकत्र राहावेत म्हणून असे क्लब निघाले होते. जात, देश, रंग न पाहता एका छपराखाली. नंतर ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली.

शिकून ते १९१७ साली बडोद्याला नोकरीला आले. एवढे शिकलेले, दरबारचे अधिकारी, पण अस्पृश्य म्हणून शहरात राहायला खोली मिळेना. ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना तिथून जायला लावलं. बागेत एका झाडाखाली ते बसून राहिले, आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. सातासमुद्रापलीकडं पारशी मित्राबरोबर एका खोलीत राहिलेल्या माणसाला आपल्या देशात पारशी विश्रामगृहात थारा मिळाला नाही.

त्यांनी पुढं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या पहिल्या कामांतलं एक काम कोणतं होतं ठाऊक आहे? विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह. १९२५ साली सोलापुरात ते सुरू झालं. आणि ज्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्या समितीनं संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता हा शब्द घातला. बंद दार काय असतं हे अनुभवलेल्या माणसानं तो शब्द देशापुढं ठेवला.

दारं कशी उघडली, आणि घरात काय बिघडलं

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फ्रॅटर्निटींच्या भेदभावावर उघड बोललं जाऊ लागलं. १९४८ साली ॲमहर्स्ट कॉलेजात एका मंडळाच्या मुलांनी एका कृष्णवर्णीय मुलाला सभासद करून घेतलं. वरच्या राष्ट्रीय संस्थेनं त्यांच्या शाखेवर कारवाई केली. मुलांनी त्या मित्राला बाहेर काढलं नाही. त्यांनी राष्ट्रीय संस्था सोडली आणि नवं नाव घेऊन तिथंच राहिली. विल्यम्स कॉलेजनं १९६२ साली ठरवलं, की राहण्या-जेवण्याची सोय हे कॉलेजचं काम आहे, ते निवडक मंडळांच्या हातात ठेवायचं नाही. तिथली फ्रॅटर्निटी पद्धत हळूहळू बंद झाली.

जिथं ही घरं आजही आहेत, तिथं एक मोठा धोका आहे. नव्या मुलाला सभासद करून घेण्याआधी त्याचा छळ करायचा, त्याला दारू पाजायची. तिकडं त्याला ‘हेझिंग’ म्हणतात, आपल्याकडं रॅगिंग. १८७३ साली कॉर्नेलमध्ये अशाच एका प्रकारात रात्रीच्या अंधारात एक मुलगा दरीत पडून मेला. २०१७ साली पेनसिल्व्हेनियात एका फ्रॅटर्निटी घरात एकोणीस वर्षांच्या मुलाला भरपूर दारू पाजली, तो जिन्यावरून पडला, आणि भाऊ म्हणवणाऱ्यांनी तासन्‌तास मदत बोलावली नाही. तो वाचला नाही. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेनं देशपातळीवर कायदा केला, की कॉलेजांनी असे प्रकार नोंदवायचे आणि लोकांसमोर मांडायचे. आपल्या महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना तो माहीत असला पाहिजे, आणि घरी सांगायला त्यांना भीती वाटता कामा नये.

आपण यातून काय घ्यायचं?

मैत्रिणींनो, चार विद्यार्थी वर्गणी काढून घर उभं करू शकतात, हे या गोष्टीतून दिसतं. आपल्याला त्याचं नवल नाही, आपणही वर्गणीतूनच उभ्या राहिलो. पण घर बांधल्यावर दाराशी कोण उभं आहे, आणि कुणाला पाहून ते दार लावतं, यावर त्या घराची किंमत ठरते. काळ्या गोटीवाल्यांचंही घर होतं आणि आयोवाच्या बायांचंही. दोन्ही ठिकाणी हप्ते फेडले, दोन्ही ठिकाणी चुली पेटल्या. पहिल्या घरात आपल्यासारखेच तेवढे आले. दुसऱ्या घरात, जिला कुठंच जागा नाही ती आली. उद्देशिकेतला बंधुता हा शब्द या दुसऱ्या घराला शोभतो.

येत्या मासिक बैठकीत हिशेब झाल्यावर अर्धा तास काढा आणि या तीन गोष्टींवर बोला.

पहिली, आपल्या गावातल्या किती मुली या वर्षी राहण्याच्या सोयीअभावी घरी बसल्या? नावं काढा, कुणालाही वगळू नका.

दुसरी, तालुक्याला आणि जिल्ह्याला मुलींची कोणती सरकारी वसतिगृहं आहेत, अर्ज कधी निघतात, कागद काय लागतात? दोघींनी जाऊन चौकशी करायची आणि बैठकीत येऊन सांगायचं. यादी लागून गेल्यावर धावपळ नको.

तिसरी, जिला तिथं जागा मिळाली नाही, तिच्यासाठी आपल्या ग्रामसंघातल्या चार गटांना मिळून कॉलेजच्या गावात एक खोली भाड्यानं घेता येईल का? त्या खोलीत कोणत्या जातीची, कोणत्या वस्तीवरची मुलगी राहील, यावर गटात काय बोललं जातं, तेही नीट ऐका. काळी गोटी आपल्या पेटीतही असू शकते.

काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात तुमची उत्तरं वाचून दाखवू. नमस्कार.